राजवाडा ते कृष्णपुरा: एक पायी फेरी
सराफ्यात गराडू खायला आपण सगळेच जातो. त्याच परिसराचा इतिहास मुलांना सांगायचा मात्र राहून जातो. म्हणून आपली फेरी राजवाड्यापासून सुरू होते. १८१८ मध्ये इंदूर होळकरांची राजधानी झाले. सात मजली वाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. १९८४ च्या आगीत मागचा भाग गेला, दर्शनी बाजू वाचली. जवळचे गोपाळ मंदिर यशवंतराव होळकरांच्या पत्नी कृष्णाबाईंनी १८३२ मध्ये बांधले. पुढे कान्ह नदीकाठी, कृष्णपुऱ्यात, त्यांचीच स्मारक-छत्री आहे. फेरी तिथे संपते. आजी-आजोबांनी जरूर यावे; पाटीवर न लिहिलेल्या आठवणी तुमच्याकडेच आहेत, त्या नातवंडांना तिथेच ऐकवू या.