काट्यावरचा आकडा आणि गाठता येईल असे वजन

सेलूच्या बाजारात कापसाची गाडी काट्यावर चढते आणि मापारी आकडा सांगतो. या आकड्यात काय काय दडले आहे, हे शेतकरी आणि व्यापारी दोघांनाही ठाऊक असते. क्विंटलभर कापूस जिनिंगमधून काढला की रुई मिळते ती साधारण एक तृतीयांश. उरलेले बहुतेक वजन सरकीचे. शिवाय ओलावा असतोच. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा चालतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते. नुसत्या वजनावर इथे कोणी सौदा करत नाही.

माणसाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो. लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला लोक विचारतात, ‘किती किलो उतरले?’ आणि लगेच पुढे, ‘अजून किती राहिले?’ हे ‘राहिले’ कशावरून ठरवायचे, ते आपण या लेखात पाहू.

सहसा ते उंची-वजनाच्या तक्त्यावरून ठरवले जाते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की देहवस्तुमान निर्देशांक मिळतो. बेल्जियमचे गणिती केतले यांनी हे गुणोत्तर १८३२ च्या सुमारास मांडले, ते समाजाची सरासरी अभ्यासण्यासाठी. एकेका रुग्णाचे उद्दिष्ट ठरवण्यासाठी नव्हे. भारतीयांसाठी २३ पर्यंतचा निर्देशांक सर्वसाधारण आणि २५ पासून पुढे लठ्ठपणा, असे भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये सुचवले.

पण निर्देशांकाला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यात ते स्वतः आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचाही निर्देशांक २२.३. मोजणी केली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! काटा दोघांना सारखे म्हणत होता. शरीरे सारखी नव्हती.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. तिचे दोन प्रकार जास्त प्रचलित आहेत. एकात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करतात. दुसऱ्यात जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्हींत खाणे कमी होते, पण केवळ जागा कमी झाली म्हणून नव्हे. जठर आणि आतडी भूक व तृप्तीची संप्रेरके तयार करतात. त्यांचे प्रमाण बदलते आणि थोड्या घासांतच पोट भरल्याची जाणीव होते.

तरीही वजन उतरता उतरता एका जागी थांबते. याची कारणे शरीराच्या हिशेबातच आहेत. लहान झालेल्या शरीराला कमी ऊर्जा पुरते, शिवाय शरीर खर्चातही काटकसर करू लागते. चरबीच्या पेशी आकाराने लहान होतात, पण त्यांची संख्या घटत नाही, हे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवले. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनीही पेशी जवळपास तेवढ्याच होत्या.

हे थांबणे साधारण कुठे येते? स्वीडनमध्येच चार हजारांहून अधिक लठ्ठ व्यक्तींचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यातल्या जोडशस्त्रक्रिया, म्हणजे वरचा दुसरा प्रकार, केलेल्या गटाचे वजन एक ते दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के होती. म्हणजे थोडे वजन परत आले. तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी आढळले.

एक उदाहरण सोडवू. समजा, सेलूच्या एका शाळेतील शिक्षिकेची उंची १.६० मीटर आणि वजन ११० किलो आहे. निर्देशांक आला ४३. तक्त्यानुसार तिचे वजन जास्तीत जास्त ५९ किलो हवे, म्हणजे ५१ किलो ‘जादा’. आता स्वीडनची सरासरी लावा. दीड-दोन वर्षांत ती सुमारे ७५ किलोवर येईल आणि दहा वर्षांनी ८२ ते ८३ किलोवर असेल. तेव्हा तिचा निर्देशांक ३२ असेल. तक्ता तिला अजूनही लठ्ठच म्हणेल. पण जादा वजनापैकी निम्म्याहून अधिक उतरलेले असेल, आणि शल्यचिकित्सक यालाच यश मानतात.

५९ हेच उद्दिष्ट डोळ्यांपुढे ठेवले, तर हीच बाई स्वतःला नापास ठरवील. धोका इथेच आहे. निराश झालेला माणूस तपासणीला जाणे टाळतो, गोळ्या सोडून देतो. या शस्त्रक्रियेनंतर तर ब-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्याकडे जन्मभर लक्ष द्यावे लागते. दुसरीकडे, आकडा आणखी खाली खेचण्यासाठी कोणी उपाशी राहू लागला, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काटा खूश होतो, शरीर होत नाही.

म्हणून उद्दिष्ट तक्त्याच्या टोकापासून नव्हे, तर आपण जिथून निघालो तिथून मोजावे. आधीच्या वजनाचा पाव ते तृतीयांश भाग उतरणे ही साधारण अपेक्षा. ही सरासरी आहे. वय, मधुमेह आणि शस्त्रक्रियेचा प्रकार यांनुसार ती कमीजास्त होते, तेव्हा नेमका आकडा डॉक्टरांशी बोलूनच ठरवावा. त्याच्या जोडीला दुसरी मापे ठेवावीत. कमरेचा घेर किती घटला? रक्तातील साखर आणि रक्तदाब उतरला का? झोपेत श्वास अडकणे थांबले का? शाळेचा जिना गुडघे न धरता चढता येतो का?

वर्गात हा पाठ गणिताचा म्हणून घेता येईल. उंची तीच ठेवून ९०, ११० आणि १४० किलो अशी तीन काल्पनिक वजने द्या आणि प्रत्येकातून २५ टक्के वजा करायला सांगा. तिघांची उत्तरे वेगळी येतील. मग विचारा, ‘या तिघांना एकच उद्दिष्ट देणे बरोबर आहे का?’ फक्त एक पथ्य पाळू. वर्गातील मुलांची वजने फळ्यावर मांडू नयेत. ज्या मुलाचा आकडा सर्वांत मोठा असेल, त्याला त्या तासातले गणित आठवणार नाही. हसणारे चेहरे तेवढे आठवतील.