दोष कानाचा की यंत्राचा?

घरात संगणक आला की त्याच्यामागोमाग हेडफोनही येतो. मुलांचा अभ्यास, वडीलधाऱ्यांचे भजन, परगावच्या आप्तांशी संभाषण, हे सारे एकमेकांस उपद्रव न देता चालावे यासाठी ही सोय. परंतु एखादे दिवशी ती अकस्मात मुकी होते आणि दोष नेमका कोठे, हे उमगत नाही.

गेल्या वर्षी आमच्या घरी असेच घडले. माझी आई दर रविवारी संगणकापुढे बसून माझ्या धाकट्या भावाशी बोलते. वयोमानाने तिच्या उजव्या कानाला कमी ऐकू येते. भिस्त सारी डाव्यावर. एका रविवारी ती दोनच मिनिटांत उठली. पुढल्या रविवारी ‘आज राहू दे’ म्हणाली. खोदून विचारले तेव्हा हळूच बोलली, “तुम्ही मोठ्याने बोलता म्हणून कळतं रे. त्याचा आवाज आता पोचत नाही. कान गेले माझे.”

मी हेडफोन उलटा करून तिच्या डोक्यावर चढवला. उजवी वाटी डाव्या कानावर आली आणि भावाचा शब्द न् शब्द तिला ऐकू आला. कान शाबूत होता; मुकी झाली होती ती हेडफोनची डावी बाजू.

वाचकहो, ही परीक्षा आपणही ध्यानात ठेवावी. हेडफोन उलटा घातल्यावर शांतता दुसऱ्या कानाकडे गेली, तर दोष यंत्राचा. ती त्याच कानाशी राहिली, तर दोष कानाचा असण्याचा संभव अधिक. ऐकू येणे अचानक कमी झाले असेल, तर एक दिवसही न दवडता कानाच्या डॉक्टरांकडे जावे. अशा विकारात उपचार जितका लवकर तितका गुणकारी.

दोष यंत्राचा ठरला, तर तोच हेडफोन दुसऱ्या संगणकाला किंवा मोबाइलला लावून पाहावा. तेथेही एक बाजू गप्प असेल, तर बहुधा प्लगाजवळ तार तुटलेली असते. तेथे तो नीट बोलला, तर आपल्या संगणकाकडे वळावे.

सर्वसाधारण प्लग ३.५ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या टोकाकडून डाव्या कानाचा ध्वनी जातो, त्यामागच्या कड्याकडून उजव्याचा, आणि बुंध्याचा भाग दोहोंस सामाईक असतो. प्लग पुरता आत बसला नाही, तर ही जुळणी चुकते. आमच्याकडे पुढच्या छिद्रात धुळीचा बोळा साचला होता. संगणक बंद करून तो हवेच्या फुंकरीने काढावा; टाचणी कदापि घालू नये.

पुढचे छिद्र आतल्या एका बारीक तारेने मुख्य पाटीला जोडलेले असते. ती तार सुटली, तर पुढून आवाज येत नाही. अशा वेळी संगणकाच्या मागील बाजूचे हिरवे छिद्र वापरून पाहावे. गुलाबी छिद्र मायक्रोफोनचे असते.

जोडणी ठीक असूनही दोन्ही कानांत शांतता असेल, तर ध्वनी अन्यत्र वळला असावा. एचडीएमआय तारेने पडदा जोडला की संगणक कधी कधी आवाज त्या पडद्याकडेच धाडतो. विंडोज १० वा ११ मध्ये खालच्या पट्टीवरील कर्ण्याच्या चित्रावाटे यादी उघडून हेडफोन निवडावा. एकाच बाजूचा आवाज मंद असेल, तर ध्वनीच्या मांडणीत डाव्या-उजव्याचे प्रमाण समान आहे ना, तेही पाहावे.

आणि आवाज परत आला म्हणून तो अतिरेकाने वाढवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे.

आमच्या दुरुस्तीला पै खर्च आला नाही. मात्र दोन रविवार आईने आपले कान गेले असे समजून मुकाट्याने काढले, ते परत मिळणार नाहीत. आपल्या घरातले कोणी वडीलधारे माणूस ‘आज राहू दे’ म्हणाले, तर त्यांच्या वयाकडे बोट दाखविण्यापूर्वी प्लग तपासून पाहावा.