'ऐकत नाहीत' की ऐकले ते टिकत नाही?

डायलिसिसच्या रुग्णाविषयी घरच्यांची एक ठरलेली तक्रार असते : 'सांगून सांगून थकलो, तरी तांब्या तोंडाला लावतातच.' गडचांदूरहून रुग्णाला चंद्रपूरला नेणाऱ्या नातेवाइकांकडून ती मी अनेकदा ऐकली. मी डॉक्टर नव्हे. या 'न ऐकण्या'चे कारण शोधताना जे वाचनात आले, ते इथे मांडतो.

अमेरिकेतील मिनियापोलिस परिसरात पंचावन्न व त्यापुढील वयाच्या ३७४ रुग्णांची स्मरणशक्ती, भाषा आणि नियोजनक्षमता तपासली गेली. २००६ साली निष्कर्ष आले. अवघ्या १२.७ टक्के रुग्णांत सारे ठीक होते, ३७.३ टक्क्यांत दोष तीव्र होता. पण तशी वैद्यकीय नोंद होती केवळ २.९ टक्क्यांची!

नोंद का नसावी? कारण या दोषात बहुधा आधी ढळते ते लक्ष आणि नियोजन. माणूस नातवंडांना ओळखतो, जुन्या गोष्टी रंगवून सांगतो. पण कोणती गोळी कधी, सकाळपासून पाणी किती झाले, याचा हिशेब त्याला जमत नाही. घरच्यांना तो हट्ट वाटतो.

कारणे अनेक आहेत. मूत्रपिंड आणि मेंदू दोन्ही बारीक रक्तवाहिन्यांवर जगतात; मधुमेह व रक्तदाब दोन्हींना पोखरतात. रक्तात साठणारी विषद्रव्ये आणि रक्तक्षय यांची त्यात भर. शिवाय चार तासांत शरीरातले जादा पाणी काढताना रक्तदाब घसरला, तर मेंदूचा रक्तपुरवठाही कमी होतो. २०१५ सालच्या एका चाचणीत ७३ रुग्णांपैकी काहींना शरीराच्या तापमानापेक्षा अर्धा अंश थंड द्रावण दिले गेले. वर्षभरानंतर त्यांच्या मेंदूतील श्वेतद्रव्य अधिक सुरक्षित आढळले.

मिनियापोलिसच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली : बुद्धी सर्वांत मंद असते ती डायलिसिस चालू असताना, सर्वांत बरी असते ती त्याआधी किंवा दुसऱ्या दिवशी. आणि पुष्कळदा पथ्याच्या, औषध बदलाच्या सूचना मिळतात त्या नेमक्या यंत्राला जोडलेले असताना!

म्हणून सूचना आधी द्याव्यात, सोबतच्या माणसासमोर द्याव्यात, रुग्णाकडून परत म्हणवून घ्याव्यात. कोरपना-जिवती भागातील गोंडी-कोलामी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांना त्या त्यांच्या बोलीत मिळाव्यात. घरी डॉक्टरांनी ठरवलेले दिवसाचे पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवावे. गोळ्यांची वारनिहाय डबी करावी. अचानक भ्रम झाल्यास मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

२०१६ पासून पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत उपचाराची सोय झाली. प्रत्येक खेपेला वजन लिहिले जाते, रक्तदाब लिहिला जातो. त्याच कागदावर कधीमधी मनाच्या स्थितीचीही एक ओळ यावी. तोवर निदान घरात तरी 'हट्टी' हा शब्द जपून वापरावा.