जमाखर्चातली एक ओळ

एखादा पेशा नेमका कोणत्या दिवशी जन्मला, हे सहसा कुणाला सांगता येत नाही. अमेरिकन फुटबॉलच्या पेशाची मात्र जन्मतारीखच सापडली आहे, आणि तीही एका क्लबच्या जमाखर्चात!

तारीख १२ नोव्हेंबर १८९२, गाव पिट्सबर्ग. अ‍ॅलेघेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशन आणि पिट्सबर्ग अ‍ॅथलेटिक क्लब या हाडवैऱ्यांचा सामना होता. अ‍ॅलेघेनीच्या रांगेत अचानक एक धिप्पाड पाहुणा उभा राहिला: विल्यम ‘पज’ हेफेलफिंगर. मिनियापोलिसचा हा गडी येल विद्यापीठाचा गार्ड, सलग तीन वर्षं देशातल्या सर्वोत्तम संघात निवडला गेलेला. गार्डने जागेवर उभं राहून समोरच्याला अडवायचं, अशी रीत होती. हा पठ्ठ्या रांग सोडून धावायचा आणि चेंडूवाल्यासाठी वाट मोकळी करायचा.

त्या काळी खेळ हौसेनेच खेळायचा, पैसे घेणं म्हणजे नावाला बट्टा. त्यावर क्लबांनी पळवाटही काढली होती. खेळाडूला बक्षीस म्हणून घड्याळ द्यायचं, त्याने ते गहाण टाकून रोकड घ्यायची! त्यामुळे हेफेलफिंगरला पाहताच पिट्सबर्गवाल्यांनी एकच गदारोळ केला. वाद इतका लांबला, की सामनाच छोटा करावा लागला. त्यातही प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू सुटला, हेफेलफिंगरने तो उचलून थेट समोरच्यांच्या गोलरेषेपार नेला, म्हणजेच टचडाउन केला. तेव्हा टचडाउनला चारच गुण मिळत. सामना संपला ४-० असा.

पैशांची कुजबूज झाली, पण पुरावा नव्हता. १९५४ साली हेफेलफिंगर वारला. त्यानंतर अ‍ॅलेघेनी क्लबच्या खर्चाचं एक पान उजेडात आलं. त्यात स्वच्छ नोंद होती: या सामन्यात खेळल्याबद्दल हेफेलफिंगरला रोख ५०० डॉलर, शिवाय प्रवासखर्च २५ डॉलर. पैसे घेऊन फुटबॉल खेळल्याचा याहून जुना लेखी पुरावा आजवर सापडलेला नाही.

मला त्या पानावरचा शेवटचा आकडा अधिक थक्क करतो. एवढे पैसे मोजूनही क्लबला त्या दिवशी ६२१ डॉलर नफा झाला होता. चांगला खेळाडू विकत घेतला तर गर्दी जमते आणि पैसा वसूल होतो, हे गणित त्या एका दुपारी सुटलं. आजचा अब्जावधी डॉलरांचा व्यावसायिक फुटबॉल त्याच गणितावर उभा आहे.