प्लाझ्मा म्हणजे टॉनिक नव्हे

बिडकीनहून वडीलधाऱ्यांना शहरातील रुग्णालयात हलवले आणि ‘प्लाझ्माची सोय करा’ असे कानी पडले, की घरचे रक्तपेढीकडे धावतात. तत्पूर्वी आपण डॉक्टरांना नम्रपणे विचारावे: तो कशासाठी?

रक्तातील पेशी वेगळ्या केल्यावर उरणाऱ्या या पिवळसर द्रवात रक्त गोठवणारे घटक असतात. ते कमी पडून रक्तस्राव होत असेल, तर प्लाझ्मा जीव वाचवतो. अशक्तपणा किंवा घटलेली प्रथिने यांवर तो उपाय नव्हे. मात्रा वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या रुग्णास तीन-चार पिशव्या. ‘एखादी लावून पाहू’ यात फारसा अर्थ नाही. थकलेल्या हृदयाला एवढा द्रव झेपला नाही, तर फुप्फुसांत पाणी साचते. म्हणून पिशवी चालू असताना उशाशी बसावे. धाप, थंडी वा अंगावर गांधी दिसताच परिचारिकेस हाक मारावी.

करोनाकाळात बऱ्या झालेल्यांच्या प्लाझ्मासाठी केवढी वणवण झाली! भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर तो पडताळला. मृत्यू घटले नाहीत. मे २०२१ मध्ये तो उपचारसूचनांतून वगळला गेला.

आजी-आजोबा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर तिचे पाकीट डॉक्टरांना आधी दाखवावे. वॉर्फरिनचा परिणाम पुष्कळदा ‘के’ जीवनसत्त्वानेही उतरतो.