पदवी हवी, पण सवलतीची नको

मार्च 1929 मध्ये स्कॉटलंडच्या नॉर्थ लॅनार्क मतदारसंघातल्या पोटनिवडणुकीत जेनी ली निवडून आल्या, तेव्हा त्यांचं वय होतं 24. ब्रिटनमध्ये त्या वेळी मतदान करायला बाईला तीस वर्षांची अट होती. ती शिथिल करणारा कायदा मंजूर झाला होता, पण नव्या मतदारयाद्या यायच्या होत्या. म्हणजे ज्या पार्लमेंटात त्या बसल्या, त्याच्यासाठी मत टाकायचा हक्क त्यांना स्वतःला नव्हता!

जन्म 1904 चा, फाइफ परगण्यातल्या लॉखगेली या कोळसाखाणींच्या गावचा. वडील खाणकामगार, आजोबा मायकेल ली खाणकामगार संघटनेचे पुढारी. घरात राजकारण जेवणाच्या पानावरच वाढलं जाई. 1926 चा खाणींचा संप झाला तेव्हा त्या एडिंबरा विद्यापीठात शिकत होत्या. शिकून त्या शिक्षिका झाल्या, आणि तिथून थेट पार्लमेंटात. पहिल्याच भाषणात त्यांनी अर्थमंत्री चर्चिल यांच्या अर्थसंकल्पावर तोफ डागली. भाषण संपल्यावर खुद्द चर्चिल त्यांचं अभिनंदन करायला आले.

पण पहिल्या डावाची कारकीर्द दोनच वर्षांची. 1931 च्या निवडणुकीच्या लाटेत आपल्या मजूर पक्षाबरोबर त्याही वाहून गेल्या. पुढे त्यांचा इंडिपेंडंट लेबर पार्टी हा डावा गट मजूर पक्षातून बाहेर पडला आणि जेनी ली त्या गटाबरोबर राहिल्या. वेल्सच्या खाणीतून आलेल्या अन्यूरिन बेव्हन यांच्याशी 1934 मध्ये त्यांचं लग्न झालं. बेव्हन मात्र मजूर पक्ष सोडायला तयार नव्हते. तत्त्वाला चिकटून बाहेर बसायचं की आत राहून भांडायचं, हा वाद त्या घरात नवरा-बायकोत चालला असणार! माझ्या मते या वादात बेव्हन बरोबर होते. 1945 मध्ये ते आरोग्यमंत्री झाले आणि 1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी राहिली. जेनी ली यांनाही 1944 मध्ये मजूर पक्षात परतावं लागलं, आणि स्टॅफर्डशायरमधल्या कॅनॉक या खाणींच्याच मतदारसंघातून त्या पुढची पंचवीस वर्षं निवडून येत राहिल्या.

त्यातली बरीच वर्षं त्या मागच्या बाकावर होत्या. 1960 मध्ये बेव्हन वारले. 1964 मध्ये हॅरॉल्ड विल्सन पंतप्रधान झाल्यावर साठीच्या उंबरठ्यावर त्यांना कलाखात्याची जबाबदारी मिळाली. कलांना मिळणारं सरकारी अनुदान त्यांच्या काळात जवळजवळ तिप्पट झालं. त्यांचं खरं काम मात्र दुसरंच.

रेडिओ-टीव्हीवरून विद्यापीठ चालवायची कल्पना विल्सन यांनी 1963 मध्ये मांडली होती. 1965 मध्ये ती जेनी ली यांच्याकडे आली. शिक्षणखात्यातले अधिकारी साशंक होते. आधी छोटा प्रयोग करू, पदविका देऊ, असे सल्ले मिळत होते. जेनी ली यांचं म्हणणं सरळ होतं: प्रवेशाला कसलीही अट नको, आणि पदवी मात्र इतर कुठल्याही विद्यापीठाच्या तोडीची हवी. गरिबांसाठी म्हणून दुय्यम माल नको. ही खाणकामगाराच्या मुलीची हट्टी ऐट होती, आणि तीच कामाला आली. खात्याला वळसा घालून पंतप्रधानांपर्यंत थेट पोचण्याची सोय त्यांना होती, ती त्यांनी पुरेपूर वापरली. 1969 मध्ये ओपन युनिव्हर्सिटीला राजसनद मिळाली.

1970 च्या निवडणुकीत कॅनॉकने त्यांना पाडलं. मतदारसंघाकडे बाईंचं लक्ष नाही, अशी तक्रार होतीच. हुजूर पक्षाच्या नव्या सरकारातले अर्थमंत्री इयन मॅक्लाउड यांनी या विद्यापीठाची आधीच खिल्ली उडवली होती, पण ते सत्तेवर येताच महिन्याभरात वारले. शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी विद्यापीठ चालू ठेवलं. डाव्या बाईचं सर्वांत टिकाऊ काम थॅचरबाईंनी वाचवावं, असं इतिहासात घडतं. जानेवारी 1971 मध्ये पहिल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा जेनी ली उमराव सभागृहात बसत होत्या. 1988 मध्ये त्या गेल्या.

पुढच्याच वर्षी, 1989 मध्ये, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ त्याआधी 1985 चं. दोन्हींच्या मागे ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचा नमुना आहे.