मोती, काच आणि पीत

लग्नाच्या मांडवात मावशी अगदी समोरून आली आणि ओळख न दाखवता पुढे गेली. "आता आम्ही कुठले दिसणार!" असं कुणीतरी बोललंच. त्याच मावशीने थोड्या वेळाने पाटाशेजारी घरंगळलेली सुपारी वाकून उचलली, आणि गर्दीत कुणाला धक्का न लावता पंगतीत जाऊन बसली. घरच्यांचा संशय पक्का झाला. हिला हवं तेव्हा दिसतं, नको तेव्हा दिसत नाही.

मावशीचं सोंग नव्हतं. सुपारी तिला नजरेच्या कडेने दिसली होती. चेहरा ओळखायला लागते ती मधली नजर, आणि तीच विरत चालली होती.

तिसरा बिंदू

डोळ्यांचे दोन बिंदू घरोघरी माहीत असतात, मोतीबिंदू आणि काचबिंदू. ही दोन्ही रोगांची नावं. पीतबिंदू मात्र प्रत्येकाच्या डोळ्यात जन्मापासून असतो. पडद्याच्या मध्यावरचा हा जेमतेम साडेपाच मिलीमीटरचा ठिपका. ल्यूटीन आणि झीयाझँथिन या अन्नातून येणाऱ्या रंगद्रव्यांमुळे तो पिवळसर दिसतो. वाचणं, सुई ओवणं, माणूस ओळखणं ही बारीक कामं त्याच्याकडे. चालताना उंबरा, टेबल, माणसं टाळण्याचं काम बाकीच्या पडद्याकडे.

या ठिपक्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी रोज आपली टोकं झिजवून टाकतात. हा रोजचा केर त्यांच्याखालचा पेशींचा थर उचलतो. वय वाढतं तशी झाडलोट मंदावते आणि थराखाली पिवळसर साका धरतो. त्याला ड्रुसेन म्हणतात. पन्नाशीनंतर दिसू लागणाऱ्या या झिजेचं वैद्यकीय नाव एएमडी. तिच्या दोन जाती आहेत, कोरडी आणि ओली. दहांतले आठ-नऊ रुग्ण कोरडीचे. तिथे पेशी वर्षानुवर्षं हळूहळू विरळ होतात. ओलीत पडद्याखाली नाजूक, गळक्या रक्तवाहिन्या फुटतात. ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा फुगावा तसा पडदा उचलला जातो आणि सरळ रेघ वाकडी दिसू लागते. कोरडीची ओली कधीही होऊ शकते, आणि ओली दृष्टी नेते ती काही आठवड्यांत.

इथेच आपली जुनी समजूत घात करते. "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू." मोतीबिंदूला थोडा उशीर चालतो आणि शस्त्रक्रियेने नजर परतही येते. ओल्या एएमडीत वाट पाहिली, तर पडद्यावर वण पडतो आणि गेलेली नजर सहसा परत मिळत नाही.

आतड्याचं औषध डोळ्यात

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या हाती लेझर होता, आणि तो गळकी वाहिनी जाळताना पडद्यालाही डागत असे. नवं दार कर्करोगाच्या संशोधनातून उघडलं. नेपोलिओने फेरारा यांनी अमेरिकेत 1989 मध्ये नव्या रक्तवाहिन्यांना वाढीचा हुकूम देणारं प्रथिन वेगळं केलं. त्याला व्हीईजीएफ म्हणतात. ते अडवणारं बेव्हासिझुमॅब 2004 मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. पुढच्याच वर्षी मायामीचे नेत्रतज्ज्ञ फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा अगदी छोटा डोस थेट डोळ्यात दिला, आणि पडद्याची सूज ओसरली. डोळ्यासाठीच घडवलेलं रॅनिबिझुमॅब 2006 मध्ये आलं. त्याचा एक डोस तिकडे सुमारे 2,000 डॉलरला, तर छोट्या डोसांत वाटून घेतलेलं कर्करोगाचं औषध सुमारे 50 डॉलरला पडे. 2011 मध्ये अमेरिकेतल्या सरकारी खर्चाच्या चाचणीने दोन्हींचा दृष्टीवरचा परिणाम सारखाच असल्याचं दाखवलं. 2015 मध्ये भारतात रॅनिबिझुमॅबची देशी आवृत्तीही निघाली.

डोळ्यात सुई म्हटलं की पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात थेंब घालून डोळा बधिर करतात आणि काम काही सेकंदांत आटोपतं. खरी परीक्षा पुढे असते. सुरुवातीला दर महिन्याला, मग पडद्याच्या ओसीटी तपासणीनुसार अंतर वाढवत, पुष्कळदा वर्षानुवर्षं इंजेक्शनं घ्यावी लागतात. गाव ते शहर एसटीचा प्रवास, मुलाची रजा, आणि "आता बरं दिसतंय, कशाला जायचं?" हा प्रश्न. बरं दिसतंय ते इंजेक्शनांमुळे, हे विसरलं की ओल पुन्हा धरते.

कोरडीवर असा उतारा नाही. मध्यम टप्प्यावर ठरावीक जीवनसत्त्वं, जस्त, तांबं आणि ल्यूटीन-झीयाझँथिन यांच्या गोळ्या रोगाची वाढ मंदावू शकतात. 2001 च्या अमेरिकी अभ्यासात या गोळ्यांच्या मूळ मिश्रणाने पाच वर्षांत रोग बळावण्याचा धोका सुमारे 25 टक्क्यांनी घटला. सुरुवातीच्या टप्प्यात त्यांचा फायदा दिसलेला नाही, म्हणून शेजारच्या काकांची गोळी आपण घ्यायची नाही. बीटा-कॅरोटीन असलेली जुनी गोळी धूम्रपान करणाऱ्यांना तर फुप्फुसाच्या कर्करोगाच्या धोक्यात लोटते. 2023 मध्ये अमेरिकेत कोरडीच्या शेवटच्या टप्प्यासाठी दोन इंजेक्शनं मंजूर झाली. ती झीज मंदावतात, गेलेली नजर आणत नाहीत. आपल्या हातातलं सांगायचं तर विडी-सिगारेट सोडावी, रक्तदाब आटोक्यात ठेवावा. पालक-मेथी, मका, अंड्याचा बलक, चालत असेल तर बांगडा-तारली ताटात असू द्यावी.

एक डोळा झाकून

एका डोळ्यातली उणीव दुसरा डोळा झाकून घेतो, म्हणून दुखणं उशिरा कळतं. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क ॲम्स्लर यांनी यासाठी चौकटींचा साधा कागद केला. घरात तो नसला तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटी किंवा खिडकीचे गज पाहा. वाचायचा चष्मा लावून एकेक डोळा झाकायचा. रेघ लवली, मधली तारीख पुसट झाली, तर "पुढच्या महिन्यात बघू" म्हणू नये. त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांना गाठावं. रेघा सरळ दिसल्या तरी पन्नाशीनंतरची नियमित तपासणी चुकवू नये.

ज्यांची मधली नजर गेली आहे, त्यांच्यापैकी काहींना नसलेली माणसं, फुलं, नक्ष्या दिसतात. जिनिव्हाच्या शार्ल बॉने यांनी 1760 मध्ये आपल्या आजोबांचा असा अनुभव नोंदवला. आजोबांची बुद्धी शाबूत होती. आपल्याकडची वडीलधारी मंडळी वेड किंवा बाहेरची बाधा ठरेल या भीतीने हे लपवतात. दृष्टीकडून चित्रं यायची थांबली की मेंदू स्वतःच ती रंगवतो, एवढं सांगितलं तरी त्यांचा जीव भांड्यात पडतो.

भरपूर उजेड, भिंग, मोबाइलवरची मोठी अक्षरं आणि तिरप्या नजरेने पाहण्याचा सराव यांवर पुष्कळ कामं निभावतात. मांडवातली ओळख मात्र आपण निभवायची. मावशी दिसली की जवळ जावं, आधी आपलं नाव सांगावं, मग वाकून नमस्कार करावा.